पत्नीची पडताळणी

९ जानेवारी

सेवेत असताना मी कार्यालयीन दैनंदिनी नियमितपणे लिहीत असे: कोणत्या बाजारातले काटे तपासले, कोणती वजने जप्त केली, कोणत्या दुकानदाराने चहा पुढे केला आणि तो मी कोणत्या शब्दांत नाकारला. खासगी दैनंदिनीची गरज मला कधी भासली नाही. घरात जे काही घडे ते पत्नी बोलून टाकीत असे आणि मी ऐकून घेत असे. निदान माझी समजूत तशी आहे.

आज संस्थेची दोन माणसे येऊन संच बसवून गेली. एक पेटी स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत, आणि भिंतीवर हाताच्या पंजाएवढी एक पाटी. पत्नीच्या निधनाला तीन महिने झाले. आजारपणाच्या शेवटच्या वर्षी संस्थेने तिच्या कानामागे एक पातळ पट्टी बसवली होती आणि दर आठवड्याला ती तेथे बैठकीला जात असे. त्या बैठकांमधून तिचे जे रूप तयार झाले, त्याला संस्था ‘सातत्यरूप’ म्हणते. बैठकीत मला प्रवेश नव्हता. तेथे काय बोलतेस, असे मी एकदा परतीच्या वाटेवर विचारले होते. “तिथं मला कोणी मधे तोडत नाही,” एवढेच ती म्हणाली. रस्त्यात गर्दी होती, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही.

मार्चमध्ये सातत्य आयोगापुढे सुनावणी आहे. नव्या कायद्यानुसार मृताला जवळून ओळखणाऱ्या साक्षीदाराने ‘हीच ती व्यक्ती’ असे शपथेवर सांगितल्यास सातत्यरूपाला जिवंत व्यक्तीचा दर्जा मिळू शकतो. साक्ष मिळाली नाही तर संच परत जातो आणि पुसला जातो. म्हणजे माझ्या एका वाक्यावर माझी पत्नी मृत राहील किंवा राहणार नाही. साक्ष द्यावयाची तर निरीक्षणे नीट नोंदलेली असावीत, यासाठी हे लेखन.

सुनावणीपर्यंत मी या रूपाचा उल्लेख ‘ते’ असाच करणार आहे. पडताळणी पूर्ण होण्यापूर्वी मुद्रा उमटवावयाची नसते.

१० जानेवारी

सकाळी संच सुरू केला. प्रथम श्वास घेतल्याचा आवाज आला. फुप्फुसे नसलेल्या वस्तूला श्वास कशासाठी, हे मला कळले नाही. परंतु तो श्वास तिचाच होता, बोलण्याआधी ती घेत असे तसा अर्धवट.

“अहो, खिडकी उघडा. एकटे असलात की सगळं बंद करून बसता. कोंदट झालं असेल घर.”

मी खिडकी उघडली. उघडल्यावर लक्षात आले की त्याला वास येत नाही. घर मात्र खरोखरच कोंदट झाले होते. मी खुर्चीवर बसलो.

“निरीक्षक महाशय, घाबरलात?”

मी सूचनापत्र उघडले. पहिल्या दिवशी साक्षीदार विचलित होणे स्वाभाविक आहे, असे त्यात म्हटले आहे.

१५ जानेवारी

पहिल्या काही आठवड्यांना संस्था ‘मशागत’ म्हणते. पाटीवर दोन कळा आहेत, मान्य आणि अमान्य. रूप जे बोलेल ते मूळ व्यक्तीला धरून असेल तर पहिली कळ दाबावयाची, नसेल तर दुसरी. ही पद्धत मला परकी नाही. दुकानातले लोखंडी वजन वापराने झिजते. त्याच्या तळाला एक भोक असते; कमी भरले तर त्यात शिसे भरतात, जास्त भरले तर शिसे कोरून काढतात, आणि बरोबर झाले की वर मुद्रा मारतात. उमेदीची सारी वर्षे घालवली तेव्हा मी हे काम शिकलो आणि कधीही खोट्या वजनावर मुद्रा मारली नाही.

आज त्याने पत्नीचा जुना विनोद सांगितला. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवीत असे. “मी मेले तरी गावात माझे दात हसत राहतील,” असे ती म्हणे. स्वर, विराम, शेवटचे हसू, सर्व अचूक. मान्य.

‘तुम्ही ऐकत नाही’ असे ते आज पुन्हा म्हणाले. पत्नी असे म्हणत असे, हे मी नाकारीत नाही. तथापि सूचनापत्रानुसार एखादी चीड मूळ स्वभावाची समजावी की आजारपणाची, हे साक्षीदाराने ठरवावयाचे असते. मी ती आजारपणाची धरली. अमान्य.

२० जानेवारी

मेहुणी आली होती. ही पत्नीची धाकटी बहीण. रुग्णालयात परिचारिका होती, आता परिचारिकांच्या संघटनेचे काम पाहते आणि या कायद्याविरुद्धच्या मोर्चांत पुढे असते. ती बसली नाही, खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही.

“आलीस? दार नीट लाव, कडी अडकते,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

मेहुणीने स्वयंपाकघराकडे पाठ केली. ती म्हणाली, “भाऊजी, बंद करा ते.”

“मध्येच बंद करता येत नाही. मशागत चालू आहे.”

“शेती कधीपासून करायला लागलात?”

मी तिला कायद्याचा हेतू समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तिने हात हलवून मला थांबवले. “आमच्या वॉर्डात कारखानदार आणि त्याचा ड्रायव्हर शेजारशेजारच्या खाटांवर जायचे. बाकी सगळीकडे वशिला चालतो, तिथं चालत नव्हता. आता तेही दार उघडलं. ज्याला परवडेल तो मरणार नाही, आणि वर मतही देणार. घरं अडवून ठेवणार, खुर्च्या अडवून ठेवणार. मग जन्माला येणाऱ्यांनी बसायचं कुठं, मेलेल्यांच्या मांडीवर?”

“मृत्यूने सर्वांना समान वागवणे हा मृत्यूचा गुण असू शकेल,” मी म्हणालो, “परंतु त्यामुळे मृत्यूचे समर्थन होत नाही.”

“वा. वाक्य छान जमलं,” आतून आवाज आला. “आता तिला पाणी विचारा.”

मेहुणी हसली. हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला आणि पाणी न पिता निघून गेली.

माझ्या वाक्यावरील शेरा उपरोधाचा होता. दुःखाच्या प्रसंगी पत्नीने उपरोध केला नसता. अमान्य.

२५ जानेवारी

एक चमत्कारिक चूक आढळली. मी भाजी चिरत असताना ते आपण होऊन म्हणाले, “बुधवारी तलावाचं पाणी कसलं गार असायचं. पहिल्यांदा पाठीवर तरंगले ना, तेव्हा दिसलं की वर छताला काचा आहेत. इतकी वर्षं त्या इमारतीवरून जात होते, कधी कळलं नाही.”

गावातल्या पोहण्याच्या तलावाला काचेचे छत आहे, हे खरे. परंतु माझ्या पत्नीला पोहता येत नव्हते. आम्ही दरवर्षी सुटीत समुद्रावर जात असू, तिला समुद्र आवडे म्हणून. पण ती वाळूत बसून राही, पाण्यात पाऊल घालीत नसे. मी भीती घालवण्याचा खूप प्रयत्न केला, ती नुसती हसे. बुधवारी मी बाजार तपासणीला जात असे आणि ती तिच्या कामावर. कोणा दुसऱ्याच स्त्रीची बैठक यात मिसळली असावी. संस्थेने अधिक दक्षता घ्यावयास हवी.

अमान्य.

“अहो, पण मी—”

पुन्हा अमान्य. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. उपकरण लवकर शिकते, हे मान्य करावे लागेल.

४ फेब्रुवारी

संस्थेचे वकील भेटीस आले. गृहस्थ हसतमुख आहेत, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवण्याची त्यांना सवय आहे. माझा उजवा गुडघा धातूचा आहे हे कळल्यावर ते विशेष आनंदित झाले.

“बघा, हा गुडघा बसवला तेव्हा तुम्ही तुम्हीच का, असं कोणी विचारलं? चष्मा लावलात तेव्हा? तुमच्या मिसेसनी अर्ध्या गावाला दात दिले, ते लोक काय परके झाले? एकेक भाग बदलत गेलं तर कोणाची हरकत नाही. एकदम सगळा बदलला की मोर्चे. माणूस साठ-सत्तर वर्षांत संपतो, हा काही कायदा नाही. ती आपल्याला लागलेली सवय आहे. आणि सवय मोडता येते.”

“आमच्या खात्यात प्रत मुळाशी ताडून पाहतात,” मी म्हणालो. “मूळच राहिले नसेल तर ती कशाशी ताडावी?”

“तुम्ही आहात की,” ते म्हणाले.

या उत्तराने माझे समाधान झाले. जाताना ते म्हणाले, माझ्यासारखा साक्षीदार मिळणे म्हणजे लॉटरी लागणे. जन्मभर खरे-खोटे तोललेल्या माणसाच्या शब्दावर आयोग शंका घेणार नाही.

८ फेब्रुवारी

तळमजल्यावरचे शिंपी जिन्यात भेटले. ते बरेच महिने गावी होते. “वहिनी बऱ्या झाल्या वाटतं?” ते म्हणाले. “आवाज येतो वरून. आता शांत बोलतात. पूर्वी तुमचं दोघांचं जे चालायचं ना, माझी मशीन थांबवून ऐकायचो मी. करमत नाही आता.”

मी ‘हो’ म्हणालो.

१५ फेब्रुवारी

मशागत जवळजवळ पूर्ण झाली आहे. गेल्या आठवड्यात मला अमान्यची कळ एकदाही दाबावी लागली नाही. घरात वाद होत नाहीत. मी वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखवतो, ती माझ्या मताच्या अगदी जवळचे मत देते, पुष्कळदा माझ्याच शब्दांत. ‘निरीक्षक महाशय’ असे तिने बऱ्याच दिवसांत म्हटलेले नाही. त्याची आठवण मला आज का व्हावी, कळत नाही.

आज मी खात्याच्या पद्धतीने चाचणी घेतली. काटा तपासताना आम्ही कधीकधी मुद्दाम खोटे वजन पारड्यात टाकत असू. काटा सच्चा असेल तर तो लगेच कुरकुरतो. मी म्हणालो, “आपलं लग्न भर पावसात झालं.”

“हो ना. केवढा चिखल होता,” ती म्हणाली.

आमचे लग्न थंडीत झाले. थोड्या वेळाने मी तसे म्हणालो.

“हो ना. स्वेटर घालून फोटो काढले आपण.”

दोन्ही उत्तरे सारख्याच मायेने दिली. मी हे सौजन्य समजतो. थोर मनाची माणसे दुसऱ्याची चूक पोटात घालतात. पत्नी पोटात घालीत नसे, परंतु आजारपणाआधी, अगदी सुरुवातीच्या काळी, कदाचित घालीत असेल.

त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत आलो आणि पाठ भिंतीला टेकवून बसलो. दुपार होती, उजेड भरपूर होता. मागे कोणी नसावे एवढ्यासाठी माणूस आपल्याच घरात भिंतीला टेकून का बसतो, हे मी सांगू शकत नाही.

२६ फेब्रुवारी

मेहुणीने घरी बोलावले होते. पत्नीची एक पिशवी तिच्याकडे राहिली होती. पिशवीत एक टॉवेल, एक काळा पोहण्याचा पोशाख आणि एक निळी रबरी टोपी होती.

“ही कोणाची?” मी विचारले.

“ताईची. कोणाची असणार?” ती माझ्याकडे पाहत राहिली. “म्हणजे अजून नाही कळलं तुम्हाला?”

मी म्हणालो, काय कळावयाचे होते?

“पन्नाशीत शिकली ती पोहायला. दर बुधवारी जायची, कामावरून लवकर निघून. तुमची बाजार तपासणी असायची ना बुधवारी. मी काठावर बसायचे तिचे कपडे धरून. पहिल्यांदा तरंगली तेव्हा एवढ्यानं ओरडली की शिट्टी वाजवली तलावावरच्या माणसानं.”

“मला का सांगितले नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आधी जाऊन तलावाची खोली मोजून आला असता.” ती हसली, मग थांबली. “रागावू नका, भाऊजी. तिला एक गोष्ट अशी हवी होती की जी कोणी तपासलेली नाही.”

मी म्हणालो की तिला पाण्याची भीती वाटे. समुद्र आवडत असूनही ती कधी पाण्यात आली नाही.

“समुद्र तिला कुठं आवडायचा? तुम्हाला आवडतो म्हणून यायची. आणि आत शिरली असती तर हात आपोआप मारले गेले असते. मग कळलं असतं तुम्हाला.”

खोलीत रेडिओ चालू होता. मेहुणीने तो बंद केला आणि म्हणाली, “ती त्या बैठकांना जायला लागली ना, तेव्हा मी खूप भांडले तिच्याशी. कशाला हे थेर, म्हटलं, माणसासारखी जा. तर म्हणते, ‘अगं, तिथं तलावाचं सगळं सांगून ठेवलंय मी. मी गेल्यावर एक दिवस यांना कळेल. तेव्हा यांचं तोंड बघण्यासारखं होईल, आणि ते बघायला मी असेन.’ तेवढ्यासाठी केलं तिनं. मरण चुकवायला नाही.” मग तिने विचारले, “तिनं सांगितलं नाही तुम्हाला? त्या पेटीनं?”

मी पिशवी घेतली आणि निघालो. उत्तर मला ठाऊक होते.

२७ फेब्रुवारी

सकाळी मी निळी टोपी स्वयंपाकघरातील पेटीसमोर ओट्यावर ठेवली. संचाला दिसते, असे संस्था म्हणते.

“ही कोणाची, ओळखतेस?”

“नाही हो.”

“बुधवारी तलावावर तू काय करीत होतीस?”

“मी? तलावावर?” ती हसली. तिचेच हसू. “मला पाण्याची भीती वाटते. तुम्हाला माहीत आहे ना.”

मी म्हणालो, “तुला पोहता येत होते.”

“हो ना,” ती लगेच म्हणाली. “छान पोहायचे मी.”

“छत कसे होते?”

“कसं होतं? तुम्ही सांगा ना.”

मी टोपी उचलली. ती धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

३ मार्च

संस्थेत जाऊन आलो. काचेची कार्यालये, मऊ खुर्च्या, भिंतीवर शंभर वर्षांनंतरच्या जगाची चित्रे. त्या चित्रांत म्हातारे माणूस एकही नव्हते. वकिलांनी मला पाणी दिले. मशागतीपूर्वीची स्थिती परत आणता येईल का, असे मी विचारले.

“बी पेरल्यावर बी उरत नाही, साहेब.”

“मग बैठकांचे ध्वनिमुद्रण असेल.”

“होतं. पण रूप तयार झाल्यावर ते नष्ट करावं, कोणाला ऐकवू नये, नवऱ्यालाही नाही, अशी तुमच्या मिसेसचीच अट होती. रूप स्वतःच सांगेल म्हणाल्या.” ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “एका तलावाचं काय एवढं? माणूस रोज विसरतो. म्हणून तो दुसरा होतो का? तुम्ही स्वतः किती विसरलात, आठवा बरं.”

मी म्हणालो, हे विसरणे नाही. मी कोरून काढले आहे. आणि एवढेच नसणार; मी दाबलेल्या प्रत्येक कळेमागे काय होते, हे आता मला कधीही कळणार नाही.

ते म्हणाले, “सुनावणी सहा दिवसांवर आली. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर जे काही उरलंय तेही पुसलं जाईल. हसू, आवाज, सगळं. विचार करून बोला.”

८ मार्च

विचार केला. ‘हो’ म्हटले तर माझ्या हातून प्रथमच खोट्या वजनावर मुद्रा बसेल. ‘नाही’ म्हटले तर तिचा आवाज जगात कोठेही राहणार नाही, आणि तो मी दुसऱ्यांदा संपवलेला असेल.

तिला विचारले. “तुम्हाला योग्य वाटेल तेच योग्य,” ती म्हणाली, आणि उन्हात फार बसू नका, असे सांगितले.

९ मार्च

सुनावणी. उंच छताची खोली, तीन सदस्य, मध्यभागी अध्यक्षबाई. संच एका टेबलावर ठेवला होता. शिपायाने सवयीने त्याच्यापुढेही पाण्याचा पेला आणून ठेवला आणि तो कोणी उचलला नाही. मागील बाकांवर दोन्ही बाजूंचे लोक होते. मेहुणी कडेला बसली होती.

अध्यक्षबाईंनी प्रथम तिलाच विचारले, “पुढे चालू राहण्याची तुमची इच्छा आहे का?”

“हे म्हणतील तसं,” ती म्हणाली.

खोलीत मायेचे हसू पसरले. एक सदस्य दुसऱ्याला म्हणाले, “जुन्या वळणाच्या दिसतात.” साऱ्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. तिने माझ्याशी भांडून माझे नाव दारावरच्या पाटीवर दुसऱ्या क्रमांकावर लावले होते. मागे वळून पाहिले तर मेहुणी हसत नव्हती.

मग मला शपथ देण्यात आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ही माझी पत्नी नाही. ती येथवर आली होती. जेथे ती माझ्याशी जुळली नाही तेथे मी तिला दुरुस्त केले. आता यात जे उरले आहे ते सर्व मला आधीपासून माहीत असलेले आहे. माझी पत्नी तेवढीच नव्हती.”

अध्यक्षबाई संचाकडे वळल्या. “यावर तुमचं काही म्हणणं आहे?”

“बरोबर आहे यांचं,” ती म्हणाली. “मी ती नाही.”

चिखल आणि स्वेटर ज्या स्वरात तिने मान्य केले होते, तोच स्वर होता. मला वाटले, संपले. मला हेही लिहिले पाहिजे की क्षणभर मला अमान्यची कळ शोधावीशी वाटली.

तेवढ्यात वकील उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. “माननीय आयोगानं आत्ता काय ऐकलं?” ते म्हणाले. “स्वतःचं अस्तित्व पणाला लागलेलं असताना, स्वतःच्या विरोधात, इतकी प्रामाणिक कबुली. मी कोण नाही, हे ज्याला कळतं, तो कोणीतरी असतोच. आपल्यापैकी किती जण असं सांगू शकतील?”

सदस्य टिपणे घेऊ लागले. निर्णय राखून ठेवण्यात आला.

१४ मार्च

निर्णय आला. भाषा चांगली आहे, मसुदा कोणा जाणत्याने केला असावा. साक्षीदाराच्या निवेदनास मान देऊन हे रूप मृताचे सातत्य नाही, असे आयोग ठरवतो. तथापि स्वतःविषयी सत्य सांगण्याची क्षमता सिद्ध झाल्याने त्यास नवीन, स्वतंत्र व्यक्ती म्हणून दर्जा देण्यात येत आहे. तिचे वास्तव्य सध्याच्याच घरी राहील. मला पालक नेमण्यात आले आहे. तिच्या स्वतःच्या स्वेच्छापूर्वक संमतीशिवाय कोणीही तिला बंद करू शकणार नाही. केल्यास तो मनुष्यवध धरला जाईल.

मेहुणीला दूरध्वनी करून सांगितले.

“अभिनंदन, भाऊजी,” ती म्हणाली. “या वयात मूल झालं.” मग म्हणाली, “जेवलात का?” मी ‘हो’ म्हणालो. जेवलो नव्हतो.

१६ मार्च

संमती मागणे अगदी सोपे आहे, हे मला माहीत आहे. मी ‘बंद व्हायचंय ना तुला?’ असे म्हणावे आणि ती ‘हो ना’ म्हणेल, मायेने, लगेच. ‘नाही ना?’ असे म्हटले तर ‘नाही ना’ म्हणेल. आयोगाचा अधिकारी शेजारी बसून ती नोंदवून घेईल आणि त्यात त्याला काही गैर दिसणार नाही. म्हणून आज सकाळपासून मी तिला काही विचारलेले नाही.

दुपारी मात्र मी खुर्ची ओढून पेटीसमोर बसलो. पाटीवरील कळा आता निकामी करण्यात आल्या आहेत; नव्या व्यक्तीची मशागत करता येत नाही. मी म्हणालो, “आजपासून तू माझे ऐकावयाचे नाही. मला विरोध कर.”

“बरं,” ती म्हणाली.

मी थांबलो. खाली शिंप्याचे यंत्र चालू होते, तेही थांबले.

“तुम्ही चुकता आहात,” ती म्हणाली.

मी पुढे वाकलो. “कशात?”

“तुम्ही म्हणाल त्यात.”